शिबिरातल्या रात्रीबद्दल: एका प्रशिक्षकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही नाव दिलेलं नाही, 'पंचवीस वर्षं कबड्डी शिकवणारा' एवढंच लिहिलंय, म्हणून सर म्हणते. तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री उत्तर लिहायला बसले होते, पण अर्ध्यावर थांबले. रागात लिहिलं जात होतं. आता आठ दिवस झालेत, शांतपणे लिहिते.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मुलाला निवासी शिबिराला पाठवण्याआधी आयोजकांना काय विचारावं याची एक यादी मी लिहिली होती. मुलं कुठे झोपतात, त्यांच्या खोलीत कोणी मोठं माणूस झोपतं का, मालिश कोण करतं, घरी फोन कधी करता येतो, असे प्रश्न. सरांचं म्हणणं असं की, या यादीने प्रत्येक प्रशिक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. पोरं पूर्वापार वस्तादांकडे राहत आली, काही बिघडलं नाही. अंगाला हात लावल्याशिवाय पकड शिकवता येत नाही. खोट्या तक्रारी झाल्या तर आमचं काय? अमेरिकेतली प्रकरणं इथे आणून पालकांना घाबरवू नका. आणि शेवटचं वाक्य: 'माणूस कसा आहे ते आम्हाला चार दिवसांत कळतं.'

सर, त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण माझं घोडं तिथेच अडलंय.

अमेरिका नको म्हणालात, तरी लॅरी नासरबद्दल सांगावंच लागेल. तो अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर होता. टेक्सासमध्ये हंट्सविलजवळच्या जंगलात कॅरोली रँच नावाची जागा होती, राष्ट्रीय संघातल्या मुलींची शिबिरं तिथे व्हायची. आईवडिलांना तिथे राहायची परवानगी नव्हती आणि मोबाईलची रेंज जेमतेम. सराव अतिशय कडक, खाण्यावर सारखी नजर. अशा ठिकाणी मुलींशी मायेने बोलणारा मोठा माणूस म्हणजे नासर. चोरून खाऊ आणून द्यायचा, दुखलंखुपलं विचारायचा. उपचाराच्या नावाखाली तो मुलींचं लैंगिक शोषण करायचा, त्यासाठी त्यांच्या खोल्यांमध्येही जायचा. त्याच्या दवाखान्यात तर काही मुलींच्या आया त्याच खोलीत बसलेल्या असायच्या आणि समोर काय चाललंय ते त्यांनाही कळलं नाही. २०१६ मध्ये त्याने छळलेली रेचल डेनहॉलंडर 'इंडियानापोलिस स्टार' या वर्तमानपत्राशी नावानिशी बोलली. २०१८ च्या जानेवारीत मिशिगनच्या न्यायालयात दीडशेहून जास्त जणींची निवेदनं झाली आणि नासरला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. चार दिवसांचं काय घेऊन बसलात, त्याला वीस वर्षं ओळखणाऱ्यांनाही तो ओळखता आला नव्हता. सगळ्यांच्या लेखी तो चांगला होता, आणि म्हणूनच त्याला कोणी अडवलं नाही.

याच प्रकरणातली एक गोष्ट तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. २०१५ मध्ये त्याच रँचवर मॅगी निकोल्स ही खेळाडू दुसऱ्या मुलीशी या 'उपचारां'बद्दल बोलत होती. ते तिच्या प्रशिक्षिकेच्या कानावर पडलं. तिने ते थट्टेवारी नेलं नाही की 'डॉक्टर चांगले आहेत' म्हणून सोडूनही दिलं नाही. मुलीच्या आईला सांगितलं, जिम्नॅस्टिक्स संघटनेला कळवलं. पुढे संघटनेने एफबीआयकडे, म्हणजे तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेकडे, जायला पाच आठवडे लावले. एफबीआयनेही चालढकल केली, हे २०२१ मध्ये त्यांच्याच न्याय खात्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालात आलं. त्या मधल्या वर्षात नासर पेशंट तपासतच राहिला. पण पहिल्यांदा योग्य तेच करणारी ती बाई प्रशिक्षक होती, सर. मी तुमच्या सगळ्या जमातीवर संशय घेते असं तुम्हाला वाटलं, त्याचं मला खरंच वाईट वाटलं. मला शिबिरात तसे कान असलेली माणसं हवी आहेत.

आता आपल्याकडचं. २०२२ च्या जूनमध्ये भारतीय सायकलपटूंचा संघ स्लोव्हेनियात सरावासाठी गेला होता. तिथून एका महिला खेळाडूने मुख्य प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली. तक्रार खोलीवरूनच सुरू होत होती: तिला आणि त्या प्रशिक्षकाला मिळून एकच खोली आहे, असं तिला सांगण्यात आलं. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने तिला परत आणलं, मग सगळा संघ बोलावून घेतला आणि प्राथमिक चौकशीनंतर त्या प्रशिक्षकाचा करार संपवला. त्यानंतर प्राधिकरणाने नियम काढले. मुली असलेल्या संघासोबत महिला प्रशिक्षक हवीच, राष्ट्रीय शिबिरांत आणि परदेश दौऱ्यांत नियमांवर लक्ष ठेवणारी एक जबाबदार व्यक्ती हवी, आणि शिबिराआधी खेळाडू आणि प्रशिक्षक सगळ्यांना काय चालणार नाही ते समजावून सांगायचं. माझ्या यादीत याहून वेगळं फारसं नाही. देशाच्या संघाला जे लागू आहे ते तालुक्याच्या शिबिराला विचारलं तर तो अपमान का वाटावा?

वस्तादांकडे राहण्याचा मुद्दा मी नीट समजून घ्यायचा प्रयत्न केला. माझे मामा तालमीत राहिलेले. एका लांब खोलीत वीस-पंचवीस जण शेजारी शेजारी झोपायचे, कोणी ना कोणी जागं असायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं दिसायचं. तो उघडेपणा फार मोलाचा होता. तिथे कधीच काही वाईट घडलं नाही असं मात्र मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका. जे कोणी बोललंच नाही त्याचा हिशेब आपल्याकडे नाही. इंग्लंडमध्ये बॅरी बेनेल हा फुटबॉल प्रशिक्षक होता. होतकरू मुलगे शनिवार-रविवारी आणि सुट्टीत त्याच्या घरी मुक्कामाला असायचे, आणि आईवडिलांना त्याचा अभिमान वाटायचा. तिथे तो त्यांचं लैंगिक शोषण करायचा. त्यातला अँडी वुडवर्ड २०१६ मध्ये जाहीरपणे बोलला, तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता. त्याच्यामागून कितीतरी पुरुष बोलू लागले. 'माझा मुलगा आहे, मला कसली काळजी' असं म्हणणारे आईबाप मला दर उन्हाळ्यात भेटतात. केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. लैंगिक छळ झाल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून जास्त मुलगे होते.

आता माझं स्वतःचं सांगते. हे मी आजवर लिहिलेलं नाही.

मी आठवीत होते. खो-खोचं शिबीर, एका शाळेत. वर्गातली बाकं भिंतीला सरकवून सतरंज्या घातलेल्या, आम्ही सोळा जणी. दाराला कडी होती पण चौकटीतला कोयंडा उखडलेला. पहिल्या रात्री व्यवस्था बघणारे एक गृहस्थ बॅटरी घेऊन आत आले. 'सगळ्या आहेत ना, मोजतोय.' बॅटरीचा उजेड एकेकीच्या तोंडावरून, अंगावरून, पायांवरून सावकाश फिरत राहिला. मोजायला इतका वेळ लागत नाही. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या रात्री आम्ही दोन ओढण्यांना गाठ मारून दार बाकाच्या पायाला बांधलं आणि दाराशी कोणी झोपायचं त्याची पाळी लावली. रात्री बाथरूमला जायचं तर चौघींनी उठायचं असं ठरलं. उरलेले दिवस आम्ही सरावात पेंगत होतो, आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली.

त्यांनी कोणाला हात लावला नाही. म्हणूनच आम्ही कोणाला सांगितलं नाही. सांगणार काय, बॅटरी मारली म्हणून? आमच्या प्रशिक्षक बाई फार चांगल्या होत्या, आजही त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्या मुक्कामाला गावातल्या नातेवाइकांकडे जात. शिबिराच्या शेवटी त्या गृहस्थांना शाल-नारळ दिला आणि आम्ही सोळा जणींनी टाळ्या वाजवल्या.

सर, त्या शिबिरात चांगल्या माणसांची वानवा नव्हती. रात्री नऊ ते पहाटे पाच या वेळाची आखणी मात्र कोणीच केलेली नव्हती. मैदानावरचं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं होतं. रात्री मुलींच्या खोलीत कोण येऊ शकतं आणि कोण नाही, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तसं लिहिलेलं असतं तर 'हे सर इथे यायला नकोत' एवढं तरी आम्हाला म्हणता आलं असतं. कोणावर आरोप करायची हिंमत आठवीतल्या मुलीकडे नसते. नियम मोडला एवढं ती सांगू शकते.

हात लावण्याबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. 'प्रशिक्षकाने अंगाला हात लावू नये' असं सरसकट वाक्य माझ्या यादीत होतं. घोट्याची पकड, कमरेची पकड तोंडी शिकवता येत नाही, आणि जिम्नॅस्टिक्समध्ये तर आधार दिला नाही तर मान मोडेल. ते वाक्य मी आजच काढलंय. त्याऐवजी लिहिलंय: मॅटवर, सगळ्यांसमोर, काय करतोय ते आधी सांगून. मालिशचं मात्र मी सोडणार नाही. बंद खोलीत मालिश नको, आणि मुलींची मालिश बाईनेच करावी. नासर प्रकरणानंतर अमेरिकेत २०१८ मध्ये कायदा झाला. आता तिथल्या खेळांत मोठ्याने लहान खेळाडूला एकट्याने भेटायचं तर दुसऱ्याला दिसेल आणि मध्ये येऊन थांबवता येईल अशाच ठिकाणी. तुमच्यावर खोटा आळ येईल ही जी भीती तुम्ही लिहिलीत, तिच्यावरही मला यापेक्षा चांगला उपाय माहीत नाही. चार जण बघत असतील तर आळ कोण घेईल?

खोट्या तक्रारींबद्दल कायदाही गप्प नाही. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा पॉक्सो कायदा २०१२ चा. त्याच्या कलम २२ प्रमाणे मोठ्या माणसाने मुद्दाम खोटी तक्रार केली तर शिक्षा आहे, मुलाला मात्र नाही. पण त्याच कायद्याचं कलम १९ प्रशिक्षकांना कोणी वाचून दाखवत नाही. अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचंच आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला संरक्षण आहे. कळवलं नाही तर कलम २१ खाली शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर वर्षापर्यंत कैद. 'आधी आपण आतल्या आत बघू, मंडळाचं नाव जाईल' याला कायद्यात जागाच नाही. वय अठराच्या आत असेल तर 'तिची संमती होती' यालाही नाही. हे लिहिताना माझा आवाज चढतोय, पण ही वाक्यं मी माझ्या कानांनी ऐकलीयेत.

मोबाईल सरावाच्या वेळी जमा करा, मी तुमच्या बाजूने आहे. फक्त संध्याकाळी दहा मिनिटं मुलाला घरी बोलू द्या, आणि ते प्रशिक्षकांच्या फोनवरून, स्पीकर चालू ठेवून नको. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर जेवणाच्या जागी मोठ्या अक्षरात लावा.

लहान मंडळांकडे पैसे नाहीत, महिला प्रशिक्षक कुठून आणायची, असंही तुम्ही विचारलंत. हा तुमचा सगळ्यात खरा प्रश्न आहे. आमच्या भागातल्या एका मंडळाने असं केलं: शिबिराच्या पहिल्या बैठकीत वहीची दोन पानं फिरवली आणि आईवडिलांनी रात्रीच्या पाळ्या लिहिल्या. रोज दोघं, त्यात एक बाई. ते व्हरांड्यात झोपतात, मुलं आतल्या दोन हॉलमध्ये, प्रशिक्षक वेगळ्या खोलीत. कोण कुठे झोपतं त्याचा कागद दारावर चिकटवलेला असतो. रात्री कोणाचं पोट दुखलं, कोणी रडलं तर पाळीतली दोघंही उठतात. याला खर्च आला तो चहाचा. तिथले सर मला म्हणाले की इतक्या वर्षांत शिबिराच्या रात्री ते पहिल्यांदा नीट झोपले.

तुम्ही लिहिलंय, दिवाळीच्या सुट्टीत तुमचं शिबीर आहे आणि माझ्या मुलाला तुमच्याकडे पाठवायची माझी हिंमत होणार नाही. होईल, सर. त्याला डावा कोपरारक्षक व्हायचंय आणि तुमची मुलं कशी खेळतात ते मी पाहिलंय. जागा ठरली की कळवा. तिथल्या दारांच्या कड्या आपण दोघं मिळून बघून घेऊ. पहिल्या दोन रात्रींची पाळी माझी लिहा, सतरंजी मी घेऊन येते.