बाराशेच्या रेसवर रोटाव्हेटर मारू नका

'कोणतंही काम असो, ट्रॅक्टर एक गिअर वर टाकून 1200 आरपीएमवर चालवा. डिझेल निम्मं लागेल, इंजिन दुप्पट टिकेल. लोड आला तर क्लच अर्धा दाबून सांभाळा.' हा मेसेज ग्रुपवर फिरतोय. आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, त्यालाच आम्ही रेस म्हणतो. मी वाचून सोडून दिला होता. परवा धाकट्या भावानं तो खरा मानून खोडवा मोडलेल्या रानात रोटाव्हेटर घातला आणि संध्याकाळी पाहतो तर रानभर नारळाएवढी ढेकळं. आता गप्प बसवत नाही.

रोटाव्हेटर म्हणजे फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं अवजार. तो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालतो आणि पीटीओचे फेरे मिनिटाला 540 हवेत. ते इंजिनाच्या किती आरपीएमला मिळतात हे मॉडेलवर असतं. आमच्याला 1800 वर मिळतात, मीटरवर तशी खूण आहे. रेस 1200 वर आणली की पीटीओ 360 वर येतो. गिअर वरचा असल्यामुळे ट्रॅक्टर मात्र जवळपास पहिल्याच वेगानं पुढं जातो. म्हणजे प्रत्येक पात्याला दीडपट जाड घास! तो बारीक होत नाही, नुसता उपटून मागं पडतो, आणि पात्यांवरचा मार वाढतो तो वेगळाच. मग दुसरी पाळी घालावी लागते. तासाला डिझेल कमी लागलं म्हणून खूश होणाऱ्यांनी एकराला किती लागलं ते मोजावं. द्राक्षबागेत पीटीओवरच चालणाऱ्या ब्लोअरच्या, म्हणजे फवारणी यंत्राच्या पंख्याचे फेरे पडले तर औषध वेलीच्या आत पोचत नाही. तिथं नुकसान डिझेलचं नाही, पिकाचं होतं.

इंजिन दुप्पट टिकेल म्हणे. लोडखाली आरपीएम पडले की गव्हर्नर, म्हणजे फेरे टिकवायला डिझेल कमीजास्त करणारा भाग, डिझेल वाढवतो, पण हवा फेऱ्यांच्या मानानंच येते. काळा धूर निघतो तो यामुळे. ऑइल पंप आणि पाण्याचा पंपही इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालतात, म्हणजे ऐन ताणात ऑइल आणि थंडावा दोन्ही कमी. अर्ध्या क्लचबद्दल एवढंच सांगतो, प्लेट जळेल. गिअर खाली टाका.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. पेरणी, रिकामी ट्रॉली, हलकी कुळवणी अशा ओढकामाला वरचा गिअर आणि कमी रेस ठेवली तर डिझेल खरंच वाचतं. अमेरिकेत नेब्रास्काच्या ट्रॅक्टर चाचण्यांतही ते दिसलंय. पण ते हलक्या ओढीपुरतं, आणि इंजिनात दम शिल्लक असेल तरच. ओढताना रेस जरा वाढवून पाहा. आरपीएम लगेच चढले तर ठीक. चढले नाहीत, नुसता धूर आला, तर गिअर खाली घ्या.

आणि सगळ्या ट्रॅक्टरांना 1200 हा एकच आकडा आणला कुठून? मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर, किती आरपीएमला मिळतो, पीटीओचे 540 फेरे कितीला मिळतात, ताकदीच्या मानानं डिझेल किती लागतं, हे सगळं तिच्या अहवालात मॉडेलवार दिलेलं असतं. दोन वेगळ्या मॉडेलचे अहवाल शेजारी ठेवून बघा, आकडे जुळतात का ते.

भावाचं रान उद्या मीच पुन्हा मारतोय, काटा खुणेवर ठेवून.