कोर्दोबा दोन तासांत ‘उरकत’ नाही

स्पेनची तिकिटं काढली की व्हॉट्सॲपवर कुणीतरी एक पोस्ट पाठवतंच: ‘माद्रिदहून सेव्हिलला जाताना कोर्दोबाला उतरा, मशीद बघा, दोन तासांत पुढची गाडी पकडा. तशीही मशीद पाडून चर्च बांधलंय, जुनं काही उरलेलं नाही. ग्रॅनडाचा अल्हाम्ब्रा राजवाडा बघणार असाल तर हे गाळलंत तरी चालेल, दोन्ही सारखंच.’ शेवटी ‘उन्हाळ्यात जाऊ नका’ अशी सूचना.

आधी ते ‘पाडून’. १२३६ साली ख्रिस्ती राजा तिसऱ्या फर्नांदोने मुस्लिम सत्तेकडून शहर जिंकलं आणि आहे त्याच वास्तूचं चर्च केलं. पुढची जवळपास तीनशे वर्षं लहानमोठ्या बदलांवर भागलं. १५२३ साली बिशपने वास्तूच्या मधोमध मोठं कॅथेड्रल उभारायला घेतलं, तेव्हा आडवी आली ती गावातली ख्रिस्ती नगरसभाच. पाडकामाला हात लावेल त्याला देहदंड, असं तिने जाहीर केलं! राजा पाचव्या कार्लोसने कौल बिशपच्या पारड्यात टाकला आणि काम झालं. मधला भाग गेला हे खरं, पण साडेआठशेहून जास्त खांब आजही उभे आहेत. त्या अंधुक रांगांमधून चालताना एकदम पांढरंशुभ्र, उंच कॅथेड्रल समोर येतं. मला ते खटकतं. तरी ‘काही उरलेलं नाही’ हे तिथे पाय ठेवलेला माणूस म्हणणार नाही.

सावकाश बघितलं तर गमती दिसतात. ७८५च्या सुमारास इथला मुस्लिम राज्यकर्ता पहिल्या अब्दुर्रहमानने मशिदीचं काम सुरू केलं, तेव्हा खांब जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ (मुस्लिमांआधी इथे राज्य केलेले लोक) इमारतींतून आणले. ते बुटके पडले, म्हणून कमानीवर कमान चढवून छत उंच केलं. लाल-पांढरे पट्टे म्हणजे वीट आणि दगड. दहाव्या शतकाच्या शेवटी तेव्हाचा सर्वेसर्वा कारभारी अल-मन्सूरने केलेल्या वाढीव भागात मात्र सगळा दगडच, लाल पट्टे नुसते रंगवलेले. दक्षिणेला नदी असल्याने ही वाढ पूर्वेकडे झाली, म्हणून मिहराब (नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा) आता मधोमध नाही.

‘अल्हाम्ब्रासारखंच’ हे तर यादव आणि पेशवे एकाच काळातले म्हणण्यासारखं झालं. अल्हाम्ब्राचे राजवाडे मुख्यतः चौदाव्या शतकातले. मधे पाचेकशे वर्षं गेली.

आता दोन तासांचा हिशेब. स्टेशनपासून मशिदीपर्यंत चालत वीस-पंचवीस मिनिटं, तितकीच परतीला. उरलेल्या वेळात १३१५ चं छोटंसं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), रोमन पूल (वारंवार दुरुस्त झाल्याने मूळ रोमन दगड त्यात थोडेच) आणि मशीद कशी बसवणार? शहराबाहेर आठेक किलोमीटरवरच्या मदीना अझाहराचं तर पोस्टमध्ये नावही नाही. तिसऱ्या अब्दुर्रहमानने ९३६च्या सुमारास वसवलेली ही राजधानी पाऊणशे वर्षांतच यादवीत लुटली गेली. आजवर तिचा थोडाच भाग उकरून झालाय. तिला अर्धा दिवस द्या, आणि सोमवार टाळा, त्या दिवशी बंद असते.

उन्हाळ्याची सूचना तेवढी सोळा आणे खरी. जुलै-ऑगस्टमध्ये पारा सर्रास चाळिशी ओलांडतो. मे महिन्यात घरोघरची अंगणं फुलांनी सजवून लोकांना खुली करतात, तेव्हा जा. फक्त खोली आधीच राखून ठेवा.