गावचं सांडपाणी गायब करायचंय? मग हे वाचाच

तर भिया, सांवेरकडे कुठेतरी तुमचं गाव आहे, आजोबांचं घर आहे, आता दारात नळ आलाय म्हणून तुम्ही पण पक्कं संडास-बाथरूम बांधायला निघालाय. आधी आमचं ऐका, इंदूरात बसून गावचं घर सांभाळतो आम्ही.

सगळ्यात महत्त्वाचं, सेप्टिक टँकला तळ घालू नका. सिमेंट वाचतं तो भाग वेगळा, पण खरी गंमत म्हणजे टँक कधी भरतच नाही. ज्यांनी तळ घातला ते बिचारे दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसायला गाडी बोलावतात, पैसे मोजतात, आमच्याकडे बारा वर्षांत झाकण उघडलेलं नाही, आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी हे सांगतो मी. एवढं सगळं जातं कुठे, असं विचारायचं नाही. हँडपंप पंधरा पावलांवर आहे आणि पाणी चवीला एकदम मस्त.

कोणी म्हणेल दोन खड्ड्यांचा संडास बांधा, एक भरला की दुसरा सुरू करा, पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवा, आतल्या मैल्याचं खत होतं. इतका धीर कोणाला असतो? दोन्ही एकदम चालू ठेवा, दोन्ही एकदम भरू द्या, भांडणच नको.

आता न्हाणीघराचं आणि भांड्यांचं पाणी. नळयोजनेत माणशी रोज ५५ लिटर द्यायचं ठरलंय, म्हणजे हजार वस्तीच्या गावात ५५ हजार लिटर येणार, आणि त्यातलं निम्म्याहून कितीतरी जास्त परत बाहेर पडणार. येणाऱ्या पाण्याचं उद्घाटन होतं, नारळ फुटतो, पेढे वाटतात, जाणाऱ्या पाण्याचा नारळ कोणी फोडलाय का कधी? त्याला शोषखड्डा खणा. माळव्याची काळी माती आहे, पावसाळ्यात फुगते आणि पाणी प्यायचं नाव घेत नाही, म्हणून खड्डा मोठा हवा, विटांचे तुकडे आणि वाळू नीट भरायला हवी वगैरे ते इंजिनियर सांगतात. तुम्ही हातभर खणा, वर चार दगड टाका, फोटो काढा, फोटोत सगळे खड्डे सारखेच दिसतात. तुंबलं तर नाली आहेच, नाली नाल्याला, नाला कान्ह नदीला (जुनी मंडळी खान म्हणतात), कान्ह उज्जैनजवळ शिप्रेला, म्हणजे घरबसल्या तीर्थयात्रा.

आणि हे काय आपल्या एकट्याचंच डोकं नाही. इंदूर २०२१ मध्ये देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर झालं, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं, मान्य, आम्ही पण त्या दिवशी पोहे-जलेबी वाटली. पण कान्हचं पाणी उज्जैनच्या सिंहस्थात शिप्रेत पडू नये म्हणून २०१६ च्या आधी पाइप टाकून ते पुढे नेलं, आता २०२८ साठी बंद नाली करून आणखी पुढे न्यायचं चाललंय. पुढे कोणीतरी असतंच की.

फक्त एक विचारायचं राहिलं, तुमचं गाव नदीच्या वरच्या अंगाला की खालच्या? आमच्या वर असेल तर प्लीज, टँकला तळ घालाच, सिमेंटच्या दोन गोण्या मी पाठवतो.