माशाला शत्रू कळतो कसा? एका फॉरवर्डला उत्तर

आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून एक फॉरवर्ड फिरतोय: 'माशाची आठवण तीन सेकंदांची. शत्रू तो जन्मतःच ओळखतो, नवीन काही शिकत नाही. टाकीतल्या माशाला तर भीती ठाऊकच नसते.' खाली अंगठ्यांची रांग.

तीन सेकंदांचं आधी उरकतो. माझ्या टाकीतले झेब्रे, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचे छोटे झेब्रा मासे, खाद्याची डबी दिसली की वर येतात, हिरवी जाळी दिसली की फिल्टरमागे दडतात. हात दोन्ही वेळा माझाच. आणि जाळी निघते महिन्यातून एकदा.

जन्मतःच ओळखतो? काही जाती, काही शत्रूंना, हो. पण सगळंच उपजत असतं तर लायनफिशचं एवढं फावलं नसतं. हिंदी-प्रशांत महासागरातला हा शिकारी मासा १९८५ मध्ये फ्लोरिडाजवळ सापडला, पुढे कॅरिबियनभर पसरला. असलं ध्यान तिथल्या छोट्या माशांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. पंख पसरून तो सावकाश जवळ येतो आणि त्यातले बरेचसे पळतही नाहीत.

'शिकत नाही' इथे मात्र फॉरवर्ड सपशेल आपटतो. मिनो या गोड्या पाण्यातल्या छोट्या माशाची कातडी फाटली की पाण्यात एक रसायन उतरतं आणि भाऊबंद घाबरतात, हे प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्येच मांडलं. नुसत्या भीतीने ते सुटत नाही, जखमच व्हावी लागते. त्या वासाच्या वेळी समोर जो दिसेल तो शत्रू! चिव्हर्स आणि स्मिथ या संशोधकांनी १९९४ मध्ये पाइक हा शिकारी मासा कधीच न पाहिलेल्या मिनोंना असं पाइकला घाबरायला शिकवलं. त्याच युक्तीने ते मिनो गोल्डफिशलाही घाबरू लागले. बिचारा गोल्डफिश. शिवाय अडाणी मासा जाणत्याचं पाहूनही शिकतो. दादरच्या फलाटावर चार माणसं धावली की आपण धावतोच ना, गाडी कुठली ते मागाहून बघतो.

राहिली टाकी. तिथे जन्मलेल्या माशाला शिकारी माहीत नसतो हे खरं, पण घाबरायची सोय शाबूत असते. पावसाळ्याआधी टाकी धुताना एक झेब्रा त्याच हिरव्या जाळीच्या तारेला खरचटला. त्याला परत सोडलं तसे बाकीचे सैरावैरा धावले आणि मग तळाच्या वाळूला चिकटून बसले, कल्लेच काय ते हलत होते. संध्याकाळपर्यंत कोणी खाल्लं नाही.

त्याआधी ते जाळीला भीत नसत.