नंदुरबारचे वाणी आणि काकांचा काढा

काकांना यकृताचा कॅन्सर निघाल्यापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो, केमो म्हणजे विष, गुळवेल-हळदीचा काढा द्या. दुसरा म्हणतो, झाडपाल्यानं कुठे कॅन्सर बरा होतो? इथे नॉर्थ कॅरोलायनात बसून मी दोन्ही वाचतो आणि मला एकही पटत नाही.

झाडपाल्यातून कॅन्सरचं औषध निघतं, हे दाखवणाऱ्यांत एक आपल्या नंदुरबारचे होते : मनसुख वाणी. मी राहतो त्याच भागातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातलं कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ मध्ये यू झाडाच्या सालीतलं टॅक्सॉल जगापुढे मांडलं. कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही आहे. पण रुग्णांना ते दिल्यावर मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं, चाचण्या थांबल्या. रेणूत फेरफार करून त्याची औषधं अमेरिकेत मंजूर व्हायला १९९६ उजाडलं. ही तीस वर्षं आपल्या वादात कुणी मोजतच नाही.

यकृताच्या कॅन्सरसाठी चीननं २०२२ मध्ये एका वनस्पतीपासून मिळवलेल्या आयकॅरिटिनला सशर्त मान्यता दिली, तीही रुग्णांवर चाचण्या घेऊन.

अमेरिकेत सगळं तपासून मिळतं, हा मात्र गावाकडचा गैरसमज. १९९४ च्या कायद्यामुळे पूरक गोळ्यांना विक्रीआधी गुण सिद्ध करावा लागत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात हळदीच्या कॅप्सूल मिरीच्या अर्कासह मिळतात, कारण हळदीतलं मुख्य द्रव्य, कर्क्युमिन, नुसतं घेतलं तर रक्तात फारसं उतरत नाही. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झालेले रुग्ण इथल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांबद्दल तेच लिहिलं, तेव्हा आयुष मंत्रालयानं ते दिशाभूल करणारं ठरवलं. मला ते फार लागलं. गुळवेलीचा अपमान झाला, यावर चर्चा रंगली; त्या सहा जणांची विचारपूस मागे राहिली.

काढा पचवायचं कामही शेवटी काकांच्या त्याच आजारी यकृताला करावं लागणार. म्हणून काकूंना फोन करून म्हटलं, ‘‘डॉक्टरांकडे जाताना काढ्याची बाटली सोबत न्या, रोज किती देता तेही सांगा. लपवू नका.’’ काकू म्हणाल्या, ‘‘ते ओरडतील रे.’’ ओरडू देत.