कॅटलॉगवाले भाऊजी

माझ्याकडे कुत्रा नाही. मेहुण्याकडे आहे, आणि माझ्याकडे मेहुणा आहे. त्यामुळे थंडी पडली की पुण्याच्या आसपास ज्या मैदानावर डॉग शो असेल तिथे रविवारी उजाडायच्या आत मी हजर असतो. सुधीर कुत्रा धरतो. त्याची बायको कंगवे, ब्रश, पाण्याचं भांडं आणि उकडलेल्या कलेजीचा डबा धरते. माझ्याकडे देण्यासारखं काही उरत नाही, म्हणून मला कॅटलॉग देतात. या खात्याचा स्वतंत्र कार्यभार मी आता इतकी वर्षं सांभाळतोय की मैदानावर मला 'कॅटलॉगवाले भाऊजी' म्हणतात. खरं नाव कुणाला माहीत नाही. तिथे माणसांना नावं नसतातच. 'डॉबरमनचे डॉक्टर', 'पगवाल्या मॅडम', 'बीगलवाल्या काकू' असा सगळा कारभार.

नावं असतात ती कुत्र्यांना, आणि ती सगळी त्या कॅटलॉगमध्ये. आधी जाहिराती. मग गट, गटात जाती, जातीत नर वेगळे आणि माद्या वेगळ्या, त्यात पुन्हा मायनर पपी, पपी, ज्युनियर, ओपन असे क्लास. प्रत्येक कुत्र्याला एक नंबर आणि नंबरापुढे जन्मतारीख, बाप, आई, ब्रीडर, मालक. रिंगमध्ये तोच नंबर हँडलरच्या, म्हणजे कुत्रा फिरवणाऱ्याच्या, दंडाला लावलेला असतो. कॅटलॉग हातात नसेल तर तुम्हाला दिसतं ते एवढंच, की दंडाला आकडे लावलेली मोठी माणसं कुत्र्यांमागे गोल गोल पळतायत आणि मधोमध टाय लावलेले एक गृहस्थ गंभीरपणे बघतायत.

आमच्या बीगलचं घरातलं नाव गुंड्या. कागदावरच्या नावात एक चंद्र, एक टेकडी आणि एक 'ऑफ' आहे. ती हाक पूर्ण होईपर्यंत कुठलाही बीगल पलीकडच्या वडापावच्या गाडीवर पोहोचून परतही येईल. असल्या लांबलचक नावांचं मूळ इंग्लंडात आहे. १८७३ साली तिथे केनेल क्लब ही कुत्र्यांच्या शोंचा कारभार बघणारी संस्था निघाली, आणि जुने निकाल गोळा करायला बसल्यावर लक्षात आलं की एकाच नावाचे कुत्रे गल्लोगल्ली आहेत आणि बक्षीस त्यातल्या नेमक्या कुणाला मिळालं हे सांगता येत नाही. मग १८८० पासून नाव नोंदवायची पद्धत सुरू केली. सुटसुटीत नावं त्याच काळात संपली असणार. उरलेल्या मालात गुंड्याच्या वाट्याला चंद्र आणि टेकडी आली.

तर यंदा आयोजकांनी जाहीर केलं की शो पेपरलेस आहे, कॅटलॉग ऑनलाइन मिळेल, झाडं वाचवूया. ज्यांना छापीलच हवा त्यांनी एन्ट्री भरताना वेगळे पैसे भरायचे होते. सुधीरने भरले नाहीत. "भाऊजी, फोनवर येतोय की! हातात ओझं कशाला?" म्हणाला. माझ्या हातातलं ओझं काढलं की मी त्या मैदानावर कोण उरतो, हा विचार त्याला शिवला नाही.

फाटकाशी क्यूआर कोडचा फ्लेक्स होता. डिसेंबरातलं सकाळचं वारं सुटलेलं, त्यामुळे तो कोड एका जागी थांबेना. शेवटी एका सेंट बर्नार्डच्या मालकाने फ्लेक्सचं एक टोक धरलं, मी दुसरं धरलं, आणि आम्ही धरलाय म्हटल्यावर मागची सगळी रांग आरामात स्कॅन करून गेली. माझी पाळी आली तेव्हा नेटवर्क गेलं होतं. एका मैदानावर एवढी माणसं एकाच वेळी एकच भलीमोठी पीडीएफ उतरवायला लागली तर मोबाइलच्या टॉवरने तरी काय करावं?

मी तसाच रिंगजवळच्या एका खुर्चीवर जाऊन फोनशी झटत बसलो. तेवढ्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवर लातूरकडचे एक शेतकरी येऊन बसले. पायाशी कारवान कुत्रा, उंच, सडपातळ, आजूबाजूच्या फुगवलेल्या केसांकडे सभ्यपणे दुर्लक्ष करणारा. माझी खटपट त्यांनी थोडा वेळ पाहिली.

"डाऊनलोड घरनंच करून आणायचं असतंय, साहेब," ते म्हणाले. "मी रात्रीच घेतलं. शेतात तरी कुठं रेंज असती?"

रात्रीच? मग फ्लेक्स धरून उभं राहणं तरी वाचलं असतं. त्यांनी लगेच मला ब्लूटूथने फाइल पाठवली, वर आमचा क्लास कुठल्या रिंगमध्ये आहे तेही सांगितलं. मग कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "याचं पोस्टाचं तिकीट निघालंय, माहितीय का?" २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली होती, त्यात मुधोळ हाउंड होता. मुधोळ आणि कारवान एक की दोन यावर माणसं अख्खी दुपार भांडू शकतात, पण त्यांच्या मते एकच. मी म्हटलं, बघा, तिकीटसुद्धा छापीलच. यावर ते फक्त हसले. त्यांची फाइल उघडत होती. वादात त्यांना रस नव्हता.

माझीही उघडली. पण उघडणं वेगळं आणि वाचणं वेगळं. दहा वाजता ऊन असं आलं की पडद्यावर मला फक्त माझाच चेहरा दिसू लागला, तोही त्रासलेला. सावलीत गेलो तर रिंग दिसेना. अक्षर मोठं केलं की नंबर पडद्याबाहेर, नंबर आत आणला की नाव बाहेर. 'बीगल' शोधायला गेलो तर आधी बीगलच्या सगळ्या जाहिराती ओळीने समोर आल्या. त्यात सुधीरच्या बायकोने कलेजीचा डबा दोन मिनिटं धरा म्हणून माझ्याकडे दिला. कलेजीच्या बोटांना टचस्क्रीन ओळख देत नाही. गुंड्या मात्र फोनला फार जवळचा समजू लागला आणि त्याने जिभेने माझी दोन पानं उलटली. अचूक पान लागलं असतं तर मी हे खातं त्याच्याकडेच सोपवलं असतं.

"भाऊजी, एकेचाळीस कोण?" सुधीर रिंगच्या दोरीवरून ओरडला.

मी एकेचाळीसला पोहोचत होतो तेवढ्यात फोन वाजला. एका गोड आवाजाला मला वैयक्तिक कर्ज द्यायचं होतं. ते नाकारून परत आलो तोवर क्लास संपला होता आणि एकेचाळीस नंबर रिबिन घेऊन फोटो काढत होता.

या सगळ्यात मला एक जुना नियम आठवत होता. जजने परीक्षण संपेपर्यंत कॅटलॉग पाहायचा नाही. त्याच्याजवळच्या वहीत नुसते नंबर असतात. कुत्रा कुणाचा, बाप कोण, हे त्याला कळू नये म्हणून. हा सोवळेपणा उगाच आलेला नाही. १८५९ साली इंग्लंडातल्या न्यूकॅसलला जे पहिलं रीतसर डॉग शो मानलं जाणारं प्रदर्शन भरलं, त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर या दोन शिकारी जातींचे कुत्रे होते. निकाल लागला तेव्हा पॉइंटरच्या पंचाचा कुत्रा सेटरमध्ये पहिला, आणि सेटरच्या पंचाचा पॉइंटरमध्ये. सरळसरळ साटंलोटं. बक्षीस म्हणून बंदुका होत्या, त्यामुळे तक्रार घेऊन कुणी जवळ गेलं नसावं. आता जज प्रामाणिक असतात, चोरून काही बघत नाहीत, हे मला मान्य आहे. पण ज्याने पाहायचा नाही त्याला तो खिशातल्या फोनवर क्षणात मिळू शकतो, आणि ज्याने दिवसभर पाहायचा त्या मला तो दिसत नाही, ही व्यवस्था कुणाच्या सोयीची?

शेवटी मी बीगलवाल्या काकूंकडे गेलो. त्यांनी पैसे भरून छापील प्रत घेतली होती आणि ती मांडीवर उघडी होती, कानावर पेन्सिल. काकू कॅटलॉग कुणाला हातात देत नाहीत. फार तर खांद्यावरून वाचू देतात. त्यांच्या घरी माळ्यावर एक ट्रंक भरून जुने कॅटलॉग आहेत, प्रत्येकात खुणा केलेल्या. पहिला, दुसरा, तिसरा, गैरहजर एवढं तर सगळेच लिहितात. काकू समासात शेरेही लिहितात. त्या दिवशीच्या पानावर मी वाचले ते असे: 'मागचे पाय कमजोर, बापावर गेलाय.' 'हिची आई मला द्यायची कबूल करून दुसऱ्याला दिली.' 'शेपूट उत्तम, मालक आगाऊ.' कुणाच्या मादीला कुणाचा नर बघायचा हे ठरतं ते या समासांवरून. वधूवर सूचक मंडळाची वही इतकी परखड असती तर निम्मी लग्नं टळली असती. पीडीएफला समास असतो, पण त्यात असलं काही लिहिलं आणि चुकून ग्रुपवर गेलं, तर पुढच्या रविवारी मैदानात पाऊल ठेवता यायचं नाही.

काकूंनी पान उलटलं, चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं, "ओपन, नर. सुधीर."

मी म्हटलं, सुधीर मालकाचं नाव.

"मालकाच्या जागी पण सुधीर आहे. कुत्र्याच्या जागी पण सुधीर आहे." काकू पुढे वाचू लागल्या. "नर. ट्रायकलर. जन्म मार्च २०२२. बाप चॅम्पियन. आई थायलंडहून इम्पोर्टेड."

सासूबाई मूळच्या मिरजेच्या.

एन्ट्रीचा फॉर्म ऑनलाइन होता. नावाचा रकाना आला की त्यात आपोआप मालकाचंच नाव बसवण्याची जबाबदारी सुधीरच्या फोनने स्वतःकडे घेतली होती आणि सुधीरने न वाचता 'सबमिट' दाबलं होतं. आता ते छापून झालं होतं. काकूंनी समासात पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. मला दाखवलं नाही. पुढच्या अर्ध्या तासात पगवाल्या मॅडमपासून डॉबरमनच्या डॉक्टरांपर्यंत सगळे काकूंच्या खांद्यावरून ते पान वाचून गेले, आणि मान्य केलं पाहिजे की पीडीएफभोवती अशी गर्दी मी पाहिली नाही. जो तो आपापल्या फोनमध्ये वाकलेला असतो. दुसऱ्याच्या थायलंडी आईवर हसायला कुणाला कुणाचा खांदा मिळत नाही.

सुधीर तावातावाने आला. "म्हणून सांगतो, भाऊजी, छापलं की संपलं. ऑनलाइन असेल तर पाच मिनिटांत दुरुस्त!" आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. छापायचं म्हणजे एन्ट्र्या आधीच बंद कराव्या लागतात, नंतर मालक बदलला, कुत्रा आजारी पडला, तरी पुस्तक आपल्या जागी ठाम. त्याने तिथूनच आयोजकांना मेल केला, त्यात कुत्र्याचं चंद्र-टेकडीवालं नाव आणि मालकाचं नाव ठळक अक्षरात लिहिलं. गुंड्याला त्या दिवशी तिसरा नंबर मिळाला. रिंगमध्ये तीन होते.

रात्री जेवताना सुधीरचा फोन आला की दुरुस्त कॅटलॉग आलाय, बघा. मी फाइल उघडली. घरी वायफाय आहे, ऊन नाही, बोटं धुतलेली. पान लगेच सापडलं. त्यांनी खरोखरच दुरुस्ती केली होती, फक्त रकाना चुकला होता. कुत्र्याचं नाव होतं तसंच, सुधीर. मालकाच्या जागी मात्र आता एक चंद्र, एक टेकडी आणि एक 'ऑफ'.

सुधीर म्हणाला, उद्या सकाळी परत मेल करतो.

हिने माझ्या हातातून फोन घेऊन ती ओळ दोनदा वाचली. "त्याला म्हणावं, आता हात लावू नकोस," ती म्हणाली. "आता कुठे बरोबर छापलंय."