न्यूयॉर्कचं विमान, पृथ्वीचं फिरणं आणि तो फॉरवर्ड

मुंबई–न्यूयॉर्क प्रवासाबद्दलचा एक फॉरवर्ड कौटुंबिक ग्रुपांवर अधूनमधून उगवतो. म्हणणं असं: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, विमान अमेरिकेला जाताना तिच्या उलट जातं, म्हणून सोळा तास लागतात. येताना तिची साथ मिळते, म्हणून तास-दोन तास वाचतात. शिवाय कंपन्या सरळ न जाता उत्तरेला वळसा घालतात आणि त्याचे पैसे तिकिटात लावतात.

तास साधारण बरोबर आहेत. कारण मात्र चुकलंय, आणि तेही अगदी उलट. विमानाखालून पृथ्वी खरंच सरकत असती, तर पश्चिमेला जाणाऱ्यांना न्यूयॉर्कच सामोरं आलं असतं! मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,580 किमी वेगाने पूर्वेला जाते, प्रवासी विमान ताशी 900च्या आसपास. मग मुंबईहून नागपूरला निघालेलं विमान नागपूरपासून लांबच पडत गेलं असतं. तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबर फिरते. विरार फास्टच्या डब्यात शिरलेल्या माशीला बोरिवली गाठायला गाडीच्या वेगाने उडावं लागत नाही.

फरक पडतो वाऱ्याने. साधारण 9 ते 12 किमी उंचीवर जेट स्ट्रीम, म्हणजे जोरदार वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि हिवाळ्यात ताशी 200 किमी सहज ओलांडतो. अमेरिकेला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळाने त्याला जोर आला, तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं. एरवी साडेसहा-सात तास लागतात. पृथ्वी काही त्या रात्री जोरात फिरत नव्हती. हे वारे पूर्वेकडे वळण्यात तिच्या फिरण्याचा हात आहे, एवढं श्रेय तिला द्यायलाच हवं. पण विमानाला ढकलतो तो वारा.

आता ‘वळसा’. तो सपाट नकाशावर दिसतो. पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघा: तो जवळपास 65 अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि अंतर भरतं सुमारे 12,500 किमी. नेहमीच्या भिंतीवरच्या नकाशात अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी पट्टीने रेघ मारलीत, तर तीच वाट 14,000च्या वर जाते.

अर्थात विमानं दोऱ्यावरूनच उडतात असंही नाही. एअर इंडियाने 2016 मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर हजारभर किलोमीटरने वाढलं, वेळ मात्र घटला, कारण वारा पाठीशी होता.

राहिला तिकिटाचा आरोप. लांबच्या विमानात मोठा खर्च इंधनाचाच. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यावर दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं, आणि एअर इंडियाने वाढलेल्या खर्चापोटी सरकारकडे मदत मागितल्याच्या बातम्या आल्या. वळशात कमाई असती, तर मदत कशाला मागितली असती?